विश्लेषण : ‘पिन अशी धरली की चार्ज होतो’... लॅपटॉपचा ढिला जॅक वेळीच दुरुस्त का करावा?

चार्जरची पिन थोडी वर उचलून धरायची, वायरखाली एखादी वही सरकवायची आणि चार्जिंगचा दिवा लागला की हळूच हात सोडायचा. वसतिगृहाच्या खोलीपासून घरून काम करणाऱ्यांच्या टेबलापर्यंत हे दृश्य ओळखीचे आहे. महिना-दोन महिने हा जुगाड चालतो. मग एके दिवशी पिन कशीही धरली तरी दिवा लागत नाही आणि दुकानातून उत्तर येते, ‘मदरबोर्ड गेला’.

अनेकदा सुरुवातीचा बिघाड मदरबोर्डचा नसतोच. तो असतो वायर, पिन किंवा जॅक यांपैकी एका स्वस्त भागाचा. पण तो तसाच चालवत राहिल्याने शेवटी मदरबोर्डपर्यंत पोहोचतो. त्यामुळे लॅपटॉप चार्ज होत नसेल तर दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी कसे ओळखायचे, काय करून पाहायचे आणि कुठे थांबायचे, हे माहीत असणे गरजेचे आहे.

सर्वांत आधी काय करावे?

चार्जिंग अधूनमधून तुटू लागले, की पहिले काम दुरुस्तीचे नाही, बॅकअपचे. बॅटरीत जेवढे चार्जिंग शिल्लक आहे तेवढ्यात प्रकल्प अहवाल, ऑफिसच्या फाइल, फोटो असे महत्त्वाचे सगळे पेन ड्राइव्हवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्यावे. अनेक जण उरलेले ३० टक्के चार्जिंग पिन हलवून पाहण्यात घालवतात आणि लॅपटॉप बंद पडल्यावर त्यांना फाइल आठवतात.

चार्जिंग बंद पडले म्हणून डेटा जात नाही. बहुतेक विंडोज लॅपटॉपमधील एसएसडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मात्र अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते. अशा वेळी ‘बिटलॉकर’ची रिकव्हरी की लागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे लॅपटॉप सुरू असतानाच तपासून ठेवावे. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः अॅपलच्या नव्या मॅकबुकमध्ये, स्टोरेज मदरबोर्डवरच बसवलेले असते. तिथे बॅकअपला पर्याय नाही.

वीज बॅटरीपर्यंत पोहोचते कशी?

भिंतीवरील सॉकेटमधून वीज पॉवर कॉर्डने अॅडॉप्टरच्या ठोकळ्यात जाते. आपल्याकडील २३० व्होल्टच्या एसी विजेचे हा ठोकळा साधारण १९ ते २० व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर करतो. तिथून पातळ वायर, वायरच्या टोकाची पिन, लॅपटॉपच्या कडेचा जॅक, जॅकमागची छोटी केबल किंवा सोल्डरिंगचे सांधे, मग मदरबोर्डवरील चार्जिंगचे सर्किट आणि शेवटी बॅटरी असा प्रवास होतो.

या साखळीत हालचाल सोसणाऱ्या जागा मोजक्याच आहेत : ठोकळ्यातून वायर बाहेर पडते ती जागा, पिनची मान आणि जॅक. वायरमधील तांब्याच्या बारीक तारा रोज एकाच जागी वाकून एकेक करून तुटतात. बाहेरून आवरण धड दिसते, आत मात्र दोन-चार तारांवर सगळा भार आलेला असतो. जॅकच्या आतल्या स्प्रिंगच्या पट्टीचा ताण कमी होतो किंवा मदरबोर्डवरील सोल्डरिंगला तडा जातो. ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतात तो हाच.

लूज कॉन्टॅक्ट धोकादायक का?

याचे उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणल्यावर मिळते. ६५ वॅटचा, २० व्होल्टचा अॅडॉप्टर पूर्ण भारावर ३.२५ अँपिअर प्रवाह देतो. जॅकमधला संपर्क बिघडून तिथे केवळ अर्धा ओहम रोध तयार झाला, तरी त्या जागी सुमारे सव्वापाच वॅट उष्णता निर्माण होते. आकडा छोटा वाटतो. पण ही उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत साठते. शिवाय तिथेच दीड व्होल्टपेक्षा जास्त दाब कमी होतो. त्यामुळे लॅपटॉपला पुरेशी वीज मिळत नाही आणि चार्जिंग थांबत-सुरू होत राहते.

पिन हलताना प्रत्येक वेळी संपर्क तुटतो, जुळतो आणि बारीक ठिणगी पडते. धातूवर काळा थर जमतो, म्हणजे कारागिरांच्या भाषेत जॅक ‘कार्बन धरतो’. त्याने रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. प्लॅस्टिक मऊ पडते, जॅक आणखी ढिला होतो. शेवटी मदरबोर्डवरील तांब्याची पट्टी उचलली जाते किंवा जॅकमधील दोन टोके एकमेकांना चिकटून शॉर्ट होते. सुटा जॅक बदलून भागले असते, तिथे आता चिप लेव्हल दुरुस्ती लागते. वही किंवा रबरबँड लावून पिन एका कोनात दाबून ठेवल्याने जॅकवर सतत एकाच बाजूने ताण येतो आणि हा सगळा प्रवास लवकर होतो.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

बाहेरून आत, स्वस्त भागाकडून महाग भागाकडे असा क्रम ठेवावा.

१. सॉकेट आणि कॉर्ड : एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून अॅडॉप्टर थेट भिंतीवरील सॉकेटला लावावा. त्या सॉकेटवर मोबाइलचा चार्जर चालतो का, ते पाहावे. ठोकळ्यात घुसणारी पॉवर कॉर्ड अनेकदा ढिली असते. ती काढून पुन्हा घट्ट बसवावी किंवा तशीच दुसरी कॉर्ड लावून पाहावी. ठोकळ्यावर दिवा असेल तर तो लागतो का, हे पाहावे.

२. सेटिंग : बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबून ‘नॉट चार्जिंग’ असा संदेश येत असेल, तर तो बिघाड नसू शकतो. बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी अनेक कंपन्यांच्या अॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा घालणारी सोय असते. ती बंद करून पाहावी.

३. रीसेट : चार्जर काढून लॅपटॉप पूर्ण बंद करावा. पॉवर बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे, मग चार्जर लावून सुरू करावा. चार्जिंगचे सर्किट अडकले असेल तर काही वेळा एवढ्याने काम होते.

४. डोळ्यांनी तपासणी : चार्जर भिंतीतून काढून, मोबाइलचा टॉर्च लावून पिन आणि जॅक दोन्ही पाहावेत. धूळ किंवा कापसासारखा तंतू अडकला आहे का? मधला बारीक काटा वाकला आहे का? तपकिरी डाग, वितळलेले प्लॅस्टिक, जळका वास आहे का? धूळ असेल तर लॅपटॉप बंद ठेवून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढावी. सुई, सेफ्टी पिन किंवा पाणी वापरू नये.

५. हलवून पाहण्याची चाचणी : ही एकदाच आणि थोडक्यात करावी. पिन जॅकमध्ये स्थिर धरून फक्त वायर, आधी ठोकळ्याजवळ आणि मग पिनच्या मानेजवळ, हलकेच वाकवावी. दिवा लुकलुकला तर दोष वायरचा. आता वायर स्थिर धरून पिन जॅकमध्ये किंचित हलवावी. दिवा लुकलुकला आणि पिन डुगडुगली तर दोष बहुधा जॅकचा.

६. दुसरा अॅडॉप्टर : सगळ्यांत खात्रीची चाचणी ही आहे. मित्राचा त्याच प्रकारचा, चालू स्थितीतील अॅडॉप्टर लावून पाहावा. त्याने नीट चार्ज झाले तर जुना अॅडॉप्टर बदलावा. त्यानेही तीच अडचण आली तर दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे.

लक्षणे काय सांगतात?

लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी भरत नाही : बॅटरी जुनी झालेली असू शकते, चार्जिंगची मर्यादा लावलेली असू शकते किंवा अॅडॉप्टरची ओळख पटत नसावी. डेल आणि एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये पिनच्या मधोमध एक बारीक काटा असतो. तो वीज वाहून नेण्यासाठी नसून अॅडॉप्टर कोणता आहे हे लॅपटॉपला सांगण्यासाठी असतो. तो वाकला किंवा त्याची तार तुटली, तर लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी भरत नाही. काही मॉडेलमध्ये प्रोसेसरही मुद्दाम संथ चालवला जातो आणि सुरू होताना अॅडॉप्टर ओळखता येत नसल्याचा संदेश येतो. असा संदेश दिसला तर बॅटरी विकत घेण्याआधी पिन तपासावी.

पिन लावताच ठोकळ्यावरचा दिवा विझतो : लॅपटॉपच्या बाजूला शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. अॅडॉप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पुन्हा पुन्हा लावून पाहू नये, थेट दुरुस्तीला द्यावा.

ठोकळ्यावरचा दिवा लागतो, पण लॅपटॉपवर काहीच नाही : वायर, पिन, जॅक किंवा मदरबोर्ड यांपैकी काहीही असू शकते. इथे दुसऱ्या अॅडॉप्टरची चाचणी निर्णायक ठरते.

मल्टिमीटर असेल तर?

गोल पिनच्या अॅडॉप्टरचा व्होल्टेज घरी मोजता येतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. साध्या मीटरवर २० व्होल्टची रेंज १९.९९ पर्यंतच दाखवते, त्यामुळे २०० ची रेंज निवडावी. नाहीतर चांगल्या अॅडॉप्टरलाही मीटर ‘ओव्हर’ दाखवतो आणि माणूस गोंधळतो. बहुतेक पिनमध्ये आतला भाग पॉझिटिव्ह आणि बाहेरची नळी निगेटिव्ह असते. ठोकळ्यावरील छोट्या आकृतीवरून ते पडताळता येते. मोजताना मीटरची दोन टोके एकमेकांना लागू देऊ नयेत. मधला काटा असलेल्या पिनमध्ये मीटरचे एक टोक नळीच्या आतल्या भिंतीला लावावे, काट्याला नाही.

ठोकळ्यावर १९.५ व्होल्ट लिहिले असेल आणि मीटर त्याच्या आसपास दाखवत असेल, तर वीज पिनपर्यंत येते एवढे नक्की. मात्र ही भार नसतानाची मोजणी आहे. दोन-चार तारांवर तग धरलेली वायरही मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि लॅपटॉपचा भार आला की कोसळते.

अॅडॉप्टरचा ठोकळा घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सॉकेटमधून काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

टाइप-सी चार्जिंग असेल तर वेगळे काय?

टाइप-सीच्या छोट्याशा पोर्टमध्ये २४ संपर्क असतात. त्यातील दोन संपर्क चार्जर आणि लॅपटॉप यांच्यातील बोलणी करतात. ही बोलणी झाल्यावरच चार्जर ५ व्होल्टवरून २० व्होल्टपर्यंत जातो. म्हणून टाइप-सी चार्जरची पिन साध्या मल्टिमीटरने मोजून काही कळत नाही. काही जोडलेलेच नसल्याने तो वीज सोडत नाही.

इथे दोन सोप्या चाचण्या आहेत. एक, पिन उलटी करून लावावी. एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असे असेल तर पोर्टमधील किंवा पिनमधील एखादा संपर्क खराब आहे. दोन, लॅपटॉपला चार्जिंग करणारा दुसरा टाइप-सी पोर्ट असेल तर तो वापरून पाहावा. गोल पिनच्या काही लॅपटॉपमध्येही टाइप-सीने चार्जिंगची सोय असते. मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत ती शोधावी. जॅक दुरुस्त होईपर्यंत काम अडत नाही.

केबलचाही प्रश्न असतो. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटपर्यंत चालते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखीची चिप असलेली केबल लागते. १०० वॅटचा चार्जर घेऊन मोबाइलची केबल लावली, तर लॅपटॉप संथ चार्ज होतो किंवा ‘स्लो चार्जर’ असा संदेश देतो.

टाइप-सीचा पोर्ट सुमारे १० हजार वेळा पिन लावण्या-काढण्यासाठी तयार केलेला असतो. पण तो बहुतेक लॅपटॉपमध्ये थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. त्यामुळे वायरला बसलेला झटका मदरबोर्डला बसतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपसाठीही टाइप-सी चार्जिंग बंधनकारक आहे. चार्जर एकसारखे होण्याचा फायदा मोठा आहे, पण पोर्ट जपण्याची गरजही त्याबरोबर वाढते. वायरला पाय अडकण्याच्या अपघातावर अॅपलने २००६ मध्ये चुंबकाने चिकटणारा ‘मॅगसेफ’ आणला होता. मधल्या काळात टाइप-सीसाठी तो काढला आणि २०२१ मध्ये मॅकबुक प्रोवर पुन्हा आणला.

दुरुस्ती किती मोठी?

जॅक कसा बसवला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. अनेक लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या केबलच्या टोकाला असतो आणि केबलचे दुसरे टोक मदरबोर्डवरील कनेक्टरमध्ये बसते. याला दुकानात ‘डीसी जॅक केबल’ म्हणतात. मॉडेलप्रमाणे हा भाग साधारण काही शे रुपयांत मिळतो आणि सोल्डरिंग न करता बदलता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली अशा बाजारांत मॉडेल क्रमांक सांगितला की तो शोधून मिळू शकतो. मॉडेल क्रमांक लॅपटॉपच्या तळाशी छापलेला असतो.

दुसऱ्या प्रकारात जॅक थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. हे काम घरच्या साध्या सोल्डरिंग गनने करू नये. मदरबोर्ड अनेक थरांचा असतो, त्यातील तांब्याचे मोठे थर उष्णता शोषून घेतात. सोल्डर वितळत नाही म्हणून जोर लावला की जॅकबरोबर बोर्डवरची पट्टीही निघून येते. टाइप-सी पोर्टचे संपर्क तर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात. त्यासाठी हॉट एअर मशिन आणि सरावलेला हात लागतो.

दुकानात काय विचारावे?

‘चार्ज होत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी घरी केलेल्या चाचण्या सांगाव्यात : दुसऱ्या अॅडॉप्टरनेही होत नाही, पिन हलवली की दिवा लुकलुकतो, वगैरे. त्यानंतर हे प्रश्न विचारावेत. जॅक केबलचा आहे की मदरबोर्डवरचा? फक्त जॅक बदलण्याचा खर्च किती? मदरबोर्ड खराब आहे, हे कोणत्या मोजणीवरून ठरवले? काढलेला भाग परत मिळेल का? कामाची वॉरंटी किती दिवसांची? ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ असे उत्तर आले, तर होकार देण्याआधी चिप लेव्हल काम करणाऱ्या दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर बाहेर उघडू नये, आधी कंपनीच्या सेवा केंद्रात न्यावा. पिन आदळून किंवा वायर ओढली जाऊन तुटलेला जॅक ‘फिजिकल डॅमेज’ धरला जातो आणि तो साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन घेतला असेल तर तो बसू शकतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे. तिथे कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती एकत्र ठेवली जाते. सेवेबाबत तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर ती नोंदवता येते.

नवा अॅडॉप्टर घेताना काय पाहावे?

व्होल्टेज जुन्याइतकाच हवा. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनचा आकार तंतोतंत जुळायला हवा. ‘थोडी घट्ट बसते’ किंवा ‘थोडी हलते’ अशी पिन घेतली तर नव्या जॅकचेही तेच होणार. लॅपटॉप अॅडॉप्टरसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. ठोकळ्यावर मानक चिन्हाबरोबर इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून खरा आहे का, हे पडताळता येते.

इथे थांबा

जळका वास येत असेल, प्लॅस्टिक वितळले असेल, ठिणगी दिसली असेल, पिन हात लावता येणार नाही इतकी तापत असेल किंवा लॅपटॉपवर चहा-पाणी सांडले असेल, तर चार्जर आधी भिंतीवरील बटणाने बंद करावा आणि पुन्हा लावू नये. टचपॅड वर आला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू किंवा टोचू नये. जुगाड करून लावलेला चार्जर रात्रभर, तोही गादीवर, सुरू ठेवू नये.

जॅक टिकवायचा तर वायर ओढून नव्हे, पिन धरून सरळ काढावी. लॅपटॉप मांडीवर किंवा गादीवर असताना पिनवर भार येणार नाही, असे पाहावे. पिन तशीच लावून लॅपटॉप बॅगेत कोंबू नये. वायर ठोकळ्याभोवती घट्ट न गुंडाळता सैल वेटोळे करावे. आणि दिवा पहिल्यांदा लुकलुकला, की त्याच आठवड्यात जॅक दाखवून घ्यावा. त्या वेळी बहुधा सुटा भाग बदलून काम भागते.